पाच नंबर

शुक्रवारी पहाटे, सालमियात, रात्रपाळी उतरवून
आम्ही पाचजणी बिल्डिंगमागच्या पार्किंगमध्ये येतो.
ऊन चढायच्या आत दीड तास मिळतो, फार तर.
रिंगला जाळी नाही.
कुणीतरी कधी पांढऱ्या रंगानं रेघा ओढल्या होत्या,
त्यातल्या निम्म्या धुळीनं परत घेतल्या.

मारिविक एक्स-रे काढते, तिला आरपार बघायची सवय.
कुणाच्या तरी निसानच्या बॉनेटवर तिनं
माझ्याच लॅबमधली झाकणं मांडली, रक्ताच्या नळ्यांची.
जांभळं : एक नंबर. चेंडू वर आणणारी.
हिनं चेंडूकडे बघायचं नाही, बाकी चौघींकडे बघायचं.
ती जेस्सी. तीस पेशंट तोंडपाठ असलेली
दुसरी कोण होणार?
लाल : दोन. लांबून टाकणारी.
हुकली तरी पुन्हा टाकायचं, लाजली की संपली.
ती निल्मिनी, जी भाजीवाल्याशीही घासाघीस करायला लाजते.
निळं : तीन. थोडं थोडं सगळंच करणारी.
"म्हणजे सून," हनान म्हणाली, आणि निळं उचललं.
हिरवं : चार. धक्के खायचे, उसळून आलेला चेंडू हिसकायचा.
ते मारिविकनं स्वतःच्या खिशात टाकलं.
पिवळं हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली,
मान वर करून.

पाच फूट अकरा इंच.
आमच्या इस्लामपुरात ही उंची
बायोडेटात तीन इंच कापून लिहीत.
शाळेच्या प्रत्येक फोटोत मी मागच्या रांगेत,
आणि तिथेही गुडघे मोडून.
"पाच नंबर. रिंगखाली," मारिविक म्हणाली,
"आणि आधी पाठ सरळ कर."

पहिले दोन शुक्रवार आम्ही पाचहीजणी
गुळामागे मुंगळे तशा चेंडूमागे.
ती ओरडायची, पांगा!
दोघींच्या मधे एक गाडी उभी राहील इतक्या पांगा!
चेंडू दिलास की बघत बसू नकोस, पळ,
दिलेला परत मिळतो तो पळणारीलाच.
खो-खोत मी खो दिला की बसायचे.
इथे खो देऊन उठायचं होतं,
गुडघ्यांना ते पटायला महिना गेला.

रिंगसमोरच्या पट्ट्यात, हल्ला आपला असताना,
तीन सेकंदांहून जास्त रेंगाळायचं नाही.
हनान म्हणाली, "इकामा तरी दोन वर्षांचा असतो."

सगळ्यात उशिरा कळला तो आडोसा.
चेंडू जेस्सीकडे. मी जाते
आणि तिच्या मागावरच्या पोरीच्या वाटेत उभी राहते,
पाय रोवून, हात छातीशी.
हलले तर फाऊल माझा.
जेस्सी माझ्या खांद्याला खांदा घासून निसटते,
ती पोर येऊन माझ्यावर आदळते,
दोघी बचाववाल्या जेस्सीच्या मागे धावतात.
आता वळ, मारिविक म्हणते, रिंगकडे वळ.
या क्षणी सगळे तुला विसरलेले असतात.
आणि खरंच, चेंडू येतो. रिकाम्या हातात,
रिकाम्या जागेत, वरून, जणू नाव घालून पाठवलेला.

बचावात माणूस धरायचा नाही, जागा धरायची.
पुढे दोघी, मागे तिघी, त्यांतली मधली मी.
मला सगळं समोर दिसतं, म्हणून माझं तोंड चालू हवं.
घाईत मला मराठीच सुचते.
"डावीकडे! डावीकडे गं, हनान!"
केरळ, इजिप्त, फिलिपिन्स आणि श्रीलंका
आता एकदम डावीकडे सरकतात.

मंगफच्या शिक्षिकांशी पहिला सामना : एकतीस-अठरा.
अठरा आमचे.
त्यातले आठ माझे, आणि एक कोपर सुजलेलं.

नंतर फोटो. वॉचमन रमझान मियाँनी काढला.
मी मधे, गुडघे सरळ.
फोटोत कपाळ कापलं गेलंय माझं,
भुवयांच्या वर नुसतं काहीच नाही.
दुसरा काढू का, म्हणाले.
नको म्हटलं.
तोच पाठवला घरी.