पाच एक्स्टेन्शन

सारेमा बेटावर शिडं शिवणारी आम्ही दोन माणसं,
आणि पॅकेजात पाच एक्स्टेन्शन.
"कमी मिळत नाहीत," टानेल म्हणाला,
टेबलाखालूनच,
राउटरचे हिरवे दिवे लागेपर्यंत तो बाहेर आला नाही.

एकशे एक मी. एकशे दोन हिल्लार.
एकशे तीन शिवणयंत्र, म्हणजे पुन्हा मीच,
तोंडात सुया धरून.
एकशे चार हिशेब विभाग:
बुटांच्या खोक्यातली बिलं.
पाचवं उरलं. ते खिडकीत ठेवलं,
समुद्राकडे तोंड करून.

मग माझा आवाज भरून घेतला.
नव्या शिडासाठी एक दाबा,
फाटक्यासाठी दोन.
सात वेळा म्हणायला लावलं त्या पोरानं.
सातव्या खेपेला मी कुठल्याशा बड्या कंपनीतली
अशी बाई झाले, जिला मीच
कधी फोन केला नसता.

पहिला फोन बंदरावरच्या एवाल्डचा.
त्यानं काहीच दाबलं नाही.
सगळं ऐकून घेतलं, आणि
त्या भरलेल्या आवाजालाच विचारलं,
"एन्डला, सर्दी झालीय का गं?"

नोव्हेंबरात वादळ आलं, वीज गेली.
जुना फोन अंधारातही बोलायचा,
त्याच्या तारेत स्वतःपुरती धुगधुगी असायची.
हे पाचही निमूट.
हिल्लार मेणबत्ती शोधत कशावर तरी आपटला,
शिवी हासडली.

तेवढ्यात दारावर थाप.
जरा थांबून, दुसरी.
तिसरी नाही.

मी सुया चाचपू लागले.
फाटकं होतं तर.