साठ शब्दांची मर्यादा

दरवर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारसाठी
मी थोरामोठ्यांना साठ शब्दांत बसवते.
ते माझं काम. माजी विद्यार्थी कक्ष, दुसरा मजला,
खिडकीबाहेर ब्रॅडफर्डला चारलाच पडलेला काळोख,
हीटरवर माझे ओले हातमोजे.

एक पूल बांधणारा. एक न्यायाधीश बाई.
एक बिस्किटांच्या कारखान्याचा मालक,
ज्याचे नव्वद शब्द होतात
आणि जो एकही कापू देत नाही.
आणि यंदा अध्यापकांत, मरणोत्तर,
डॉ. कुमुदिनी पळसुले, रंगरसायन विभाग.
मूळ गाव मिरज. इथे एकतीस वर्षं.
शोधनिबंध बेचाळीस:
पहिला पळसाच्या फुलांवर, ज्यांचा रंग धुण्यात निघून जातो,
पुढचे एकेचाळीस
न जाणाऱ्या निळ्यावर.

मोजले. एकोणसाठ भरले.
उरलेल्या एका जागेचं काय करावं कळेना,
म्हणून 'अथक' लिहिलं.
अथक मी सगळ्यांनाच लिहिते.

नातलग शोधले. मिरजेचं पत्र परत आलं.
पुण्याच्या पुतण्यानं कळवलं, जमणार नाही, फोटो पाठवा.
शेवटी निवृत्तिवेतनाच्या जुन्या फायलीत
'अडचणीच्या वेळी कुणाला कळवावं'
या रकान्यात, बारीक तिरक्या अक्षरात:
मिसेस विनिफ्रेड सग्डन, घरमालकीण,
ग्रेट हॉर्टन रोड.

कुठंही जा, पळसाला पानं तीनच:
भाषण, टाळ्या, गार झालेली कोंबडी.
आपल्याकडे शाल-श्रीफळ, इथे काचेचा ठोकळा,
पोटात बुडबुड्यांनी कोरलेलं नाव.
कुलगुरू उठले.
'डॉक्टर पाल… पॅल-स्यूल.'
मी त्यांना उच्चाराची चिठ्ठी दिली होती.
ती चष्म्याच्या घरातच राहिली.

सग्डनबाई, वय एकोणनव्वद, अंगात मोतिया कोट,
एकेका पायरीवर थांबत मंचावर गेल्या.
ठोकळा घेतला, वजन पाहिलं,
आणि माइकपासून हातभर लांबून म्हणाल्या,
'पळसुले.'
जीभ टाळूला नीट उलटी लागलेली.
माझ्या मुलाला, इथे जन्मलेल्या,
तो ळ अजून येत नाही.
'एकतीस वर्षं जिन्याखालून हाक मारली हो,
नाश्ता निवतोय म्हणून.
चुकीची मारली, तर खाली यायचीच नाही.'

सभागृह हसलं. बिस्किटवाला सगळ्यांत मोठ्यानं.

मग त्यांनी पिशवीतून टॉवेल काढला.
कधीकाळी पांढरा असावा.
आता त्यावर दोन हात होते, निळे,
एकावर एक, एकावर एक,
रोज संध्याकाळी पुसलेले.
'चौदा टॉवेल नासवले तिनं माझे.
भाड्यावर चढवले मी. पेनी न पेनी.
हा तेवढा दिला नाही तिला परत.
हा कुठे लावणार तुम्ही?'

कुलगुरूंनी माझ्याकडे पाहिलं.
असं काही निघालं की ते माझ्याकडेच पाहतात.

ठोकळा मात्र त्या बसमधून घरी घेऊन गेल्या, मांडीवर.
वरच्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटतं, म्हणाल्या,
त्याला अडकण होईल.

सोमवारी मी अभिलेखागाराचा अर्ज भरला.
वस्तू: टॉवेल.
कापड: सुती.
मूल्य: फोन करून विचारलं.
'तेव्हाचे सात शिलिंग. लिहा, सात.'
स्थिती: इथे छापलेल्या तीन चौकटी,
उत्तम, बरी, डागाळलेली.

पेन बराच वेळ तिसरीवर थांबलं.
मग पट्टी घेऊन शेजारी मी चौथी आखली,
जेमतेम दोन शब्द मावतील एवढी,
आणि लिहिलं:
रंग पक्का.