टोपली

राखेच्या बुधवारी आईने
तेलाची बुधली आढ्याला टांगली.
मग ज्वारीची भाकर, सुकवलेली अंबाडी,
नुसत्या मिठात शिजलेली उडदाची डाळ.
याकोबमामा नवापूरच्या बाजारातून
सुकट न घेताच परतायचा,
वास तेवढा घेऊन.

पहाटे आम्ही मोहाची फुलं वेचली.
दरसाल ती मडक्यात जायची
आणि बा मडक्यापाशी.
यंदा उकडून, तिळासोबत कुटून
आईने त्याच्या पानात वाढली.
बा गप्प चावत राहिला,
परक्याच्या घरी जेवावं तसा.
गोड आहे, म्हणाला.
आणि पाणी मागितलं.

अंडी मात्र कुणी शिवायची नाहीत.
आई टोपलीत ठेवत गेली, मोजत गेली,
ईस्टरला रश्शात घालू म्हणाली.
खुडूक कोंबडीला
हा हिशेब कुणी सांगितला नव्हता.
ती बसली.

ईस्टरच्या सकाळी देवळातून आलो
तर टोपली चिवचिवत होती.
पाट्यावर मसाला वाटून तयार,
बुधली खाली उतरवलेली,
आई हातात पळी घेऊन उभी.
बा हसला. खूप दिवसांनी, मोठ्याने.

त्या दिवशीही डाळच खाल्ली आम्ही.
तेल जरा जास्तच होतं.