उलट्या आट्यांचा वाल

दांडिया बाजारचा रस्ता उघडा पडून सव्वा महिना झाला.
पिवळ्या पत्र्यांमागे चर, चरात काळी माती,
आणि मातीत ती, बारा इंची, बिडाची,
माझ्या नोकरीहून साठ वर्षांनी थोरली.

बारिया मॅडमनी फोन केला:
मोहितेकाका, नकाशात इथे वाल नाही,
पण पाणी थांबत नाही.
मॅडम माझ्या धाकटीच्या वयाच्या. डोक्यावर हेल्मेट,
हातात टॅब, टॅबवर गाव, सगळं निळ्या रेघांचं.
मी म्हटलं, नकाशा चांगलाय.
काढणारा पहाटे कधी आला नसेल इतकंच.

मग चालून दाखवलं.
पानाच्या गल्ल्यापासून बावीस पावलं,
छापखान्याच्या पायरीसमोर डावीकडे तीन.
इथे. खणा.
दाहोदच्या सुरताननं कुदळ टाकली, हातांनी माती ओढू लागला,
कमळी घमेलं धरून.
साडेचार फुटांवर झाकण वाजलं.

दोन पोरं किल्लीच्या दांड्याला लटकली,
उजवीकडे, अजून उजवीकडे.
अरे थांबा! तो डावीकडे बंद होतो.
अख्खं गाव उजवीकडे बंद होतं, हा एकटाच असा.
का, ते माझ्या आधीच्या शिर्क्यांनाही ठाऊक नव्हतं.
रिटायर होताना, चहा बशीत ओतत, ते एवढंच म्हणाले होते,
फत्त्या, छापखान्यासमोरचा उलट्या आट्यांचा आहे,
जोर लावू नकोस.
एकतीस वर्षं मी जोर लावला नाही.
आताही नाही. एकोणीस फेरे, मोजून,
आणि नळीतला आवाज खाली बसला,
चुलीवरून उतरवलेल्या आधणासारखा.

नकाशात हेही नाही
की पाच चाळीसला उघडून सहा पंचवीसला बंद करायचा,
पण मयत झालेल्या घराच्या लाइनीला
मी दहा मिनिटं जास्त सोडायचो.
लग्नाला नाही. लग्नवाले टँकर मागवतात.
कुणी विचारलंच तर, आटे जड चाललेत.
एकदा रजिस्टरात तसं लिहिलंसुद्धा.
साहेबांनी ग्रीस पाठवलं.
तो डबा आहे अजून माळ्यावर, न फोडलेला.

दुपारी कटर लागला.
तुकडा वर आला तेव्हा आम्ही सगळे वाकलो.
बारा इंचांच्या पोटात वाट उरली होती मुठीएवढी,
बाकी गंज, थरावर थर, गाठीगाठींचा,
आणि त्यात रुतलेली एक काचेची गोटी.
ती तिथे कशी पोचली, देव जाणे.
मॅडम म्हणाल्या, काका, एवढ्यातून भागवत कसे होतात?

भागत नव्हतंच.
देवधरांच्या तिसऱ्या मजल्यावर पाणी कधी चढलंच नाही.
त्यांच्या सुनेनं तेवीस वर्षं खालून बादल्या नेल्या
आणि दर दिवाळीला मला चकल्या दिल्या.
मी त्या खाल्ल्या.

आता नवी नळी. आतून सिमेंटचं अस्तर,
वाल सगळे उजवीकडे, तेही मोटरवर, वेळ फोनातून.
पहिल्या दिवशी पाच चाळीसला मी जागाच होतो.
नळ खोकला, तांबडं थुंकला,
मग असा सुटला की जुन्या तोटीचा वायसर उडाला.
मी अंगठा दाबून उभा, लेंगा चिंब,
आणि आतून बायको,
बंद करा की! वालवाले ना तुम्ही?

शेजारच्या कोकिळाबेन म्हणतात, चहा पहिल्यासारखा होत नाही.
होणार कसा? लोखंड गेलं त्यातलं.

काल पत्रे निघाले.
भर उन्हात देवधरांची सून कठड्याशी आली,
आणि एक पूर्ण बादली
तुळशीच्या एवढ्याशा कुंडीत ओतत राहिली.
कुंडी भरली, वाहिली, पन्हळीवरून खाली ठिबकली
पत्र्यांचे नट सोडवणाऱ्या सुरतानच्या मानेवर.
त्यानं वर पाहिलं.
पाना खाली ठेवला
आणि ओंजळ धरली.