पाच फूट दोन इंच

पलंग पाच फूट दोन इंचांचा कर, म्हणाले.
मी टेप गुंडाळला, पुन्हा विचारलं.
कानावरची पेन्सिल काढून
प्लायवर आकडा लिहून ठेवला,
उद्या कोणी म्हणू नये, शांबा मेस्त चुकला.

सांकवाळच्या चढावावर, पत्र्याच्या शेडमध्ये
आम्ही एक घर उभं केलं, बावीस दिवसांत.
दारं नकोत, नुसत्या चौकटी.
दार उघडताना जागा खातं
हे मला तीस वर्षं ठाऊक होतं,
त्यांनी त्याचे पैसे केले.
कपाट चौदा इंच खोल,
आत शर्ट अंग चोरून तिरके उभे.
सोफ्याचे पाय मीच दोन इंच कापले
आणि छत वर गेलं.
खरंच गेलं. मी मान वर करून पाहिलं.

खिडकीत जुवारी. म्हणजे फोटो,
मागे ट्यूबलाइट.
दुपारी तीनला आणि रात्री नऊला
पाण्यावर तेच ऊन,
तीच एक बार्ज, कधीच पुढे न सरकणारी.

इनास तारवटी आला रविवारी, मीस आटपून.
बरोबर बायको, लुर्दीन.
बावीस वर्षं बोटीवर, म्हणाला,
खालच्या डेकला, इंजिनाच्या कुशीत,
गुडघे पोटाशी घेऊन झोपलोय.
सहा फूट एक इंच माणूस.
पलंगाभोवती लाल दोरी: कृपया बसू नये.
आल्तारापुढे राहावं
तसा तो दोरीपाशी उभा राहिला.
मग मला म्हणाला, "मेस्ता, लांकूड बरें मूं?"
म्हटलं, "बरें."
लाकूड खरंच बरं होतं.
त्याने लाकडाचंच विचारलं होतं.

चावी मिळाली तीन वर्षं आठ महिन्यांनी.
चौथा मजला, बी विंग.
आता भिंतींना जाडी होती.
बेडरूमच्या कोपऱ्यात एक खांब, नऊ इंच आत घुसलेला;
नकाशात होता म्हणे, फिकट रंगात.
दारं आली होती, सगळी एकदम,
बाथरूमचं कमोडला अडायचं,
स्वयंपाकघराचं फ्रिजला.
खिडकीत ए विंगची पाण्याची टाकी
आणि टाकीवर कावळा.
तो मात्र हलायचा.

लुर्दीनने निरोप धाडला, पलंग हवा, साडेसहा फुटी.
मी मापं घेतली. दोनदा.
पलंग मांडला तर दार तीन बोटं उघडतं.
इनास म्हणाला, "तिथे तर चारी बाजूंनी फिरता येत होतं."
मी पेन्सिल काढली, परत कानावर ठेवली,
मग सांगितलं.
आकडा सांगितला. फक्त आकडा.

तो ओरडला नाही.
उघड्या फरशीवर आडवा झाला,
खांबाला डोकं लावून,
पाय दारातून बाहेर, पॅसेजमध्ये.
आढ्याकडे बघत म्हणाला,
"बोटीवर बरं होतं, मेस्ता.
बंक किती लांब, ते आधीच सांगायचे."
लुर्दीन त्याला ओलांडून चहा आणायला गेली.

शेवटी मी दार काढलं.
बिजागऱ्या, स्क्रू, कडी, सगळं
पिशवीत घालून त्याच्या हातात दिलं.
चौकट राहिली. पडदा लुर्दीनने शिवला.
आता खोली अगदी सॅम्पलसारखी दिसते.
मजुरी मी घेतली नाही.
त्याने आग्रह केला नाही, तेही ठीकच.

शेड मोडली तेव्हा माझे अकरा हजार येणं होते.
त्याच्या बदल्यात त्यांनी तो पलंग दिला.
नात झोपते त्यावर, उर्वी,
हातपाय पसरून, मालकिणीसारखी.
तिची उंची मी दर चवथीला
भिंतीवर पेन्सिलीने लिहितो.
या वर्षी चार फूट आठ.