शिल्लक, लिटर चार

अकरा वर्षं काटा शून्यावर झोपलेला.
तरी गाडी चालायची, कारण मी वही ठेवत होतो:
किलोमीटर, लिटर, तारीख, बाजूला सही.
ए.जी. ऑफिसात तेहतीस वर्षं दुसऱ्यांचे आकडे तपासलेल्या माणसाला
काट्याची गरज काय?

पडावच्या पुलावर, ऐन चढावर, मे महिन्यातल्या दुपारी दोनला,
वहीप्रमाणे सहा लिटर शिल्लक असताना
अ‍ॅम्बॅसॅडर दोन उचक्या देऊन थांबली.
मागे टेम्पो, त्यामागे आणखी टेम्पो.
मंदानं काच खाली केली. बोलली काहीच नाही.
ते जास्त लागलं.

नफीस मिस्त्रीनं डिकीतलं कार्पेट उचललं,
टाकीवरची तार सोडली, उघड्या पत्र्याला टेकवली.
"अब देखिए."
काटा हलला. घाईनं नाही,
वामकुक्षीतला माणूस कूस बदलतो तसा.
पाव, अर्धा,
आणि भरलेल्यावर जाऊन टेकला.
टाकी कोरडी ठणठणीत.
"मीटर ठीक, तार ठीक. टाकी को अर्थ नहीं मिल रहा."
मी म्हटलं, नफीसभाई, या वयात कोणाला मिळतो?
तो हसला नाही. त्याला खरोखरच वायर लावायची होती.

गंज खरवडून वायर कसली.
मग पितळी तरंगा बाहेर काढून कानाशी हलवला:
आत पेट्रोल डुचमळत होतं.
ज्यानं वर राहून सांगायचं, तोच पिऊन बुडालेला.
गरम पाण्यात धरल्यावर एकच बारीक बुडबुडा निघाला.
तिथे खडूची खूण, दुसऱ्या दिवशी डाख.

मोजमाप संध्याकाळी. तो लिटर-लिटर ओतणार,
मी काचेवरच्या कागदी पट्टीवर रेघा मारणार.
शून्य जमेना. चार लिटर असतानाही काटा खालीच बसलेला.
"वाकवा दांडी," मी म्हटलं. "शून्य म्हणजे शून्य."
नफीसनं पक्कड खाली ठेवली.
"साहब, शून्य पे तो आप पुल पर खड़े थे."

वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं:
काटा व टाकी यांत तफावत, लिटर चार.
कारण तोंडी. मान्य.
असा शेरा मी नोकरीत कोणालाच दिला नव्हता.

थाटीपूरच्या वळणावर मंदानं विचारलं, किती आहे?
हात सवयीनं वहीकडे गेला.
"बघ की," म्हटलं, "तुझ्या बाजूनंही दिसतो."