मार्च अखेर, खडकी

एकतीस तारखेच्या आत पैसे संपवायचे असतात.
हे मला पहिल्याच वर्षी पानघंटीसाहेबांनी सांगितलं,
चहा बशीत ओतत:
नाही संपवले, तर पुढच्या साली कमी येतात.
कापडात घाल, रंगात घाल, खराट्यात घाल,
पण परत नको पाठवूस.

म्हणून आमच्या गोदामात
खराटे आहेत दोन हजार एकशे बारा.
अख्खी मुळा झाडून निघेल.

मी नागरी कर्मचारी. गणवेश नाही, ओळखपत्र आहे.
सव्वीस वर्षं होळकर पुलावरून येते, जाते,
आणि ‘सर्वांत कमी दर’ या रकान्याखाली सही करते.
सर्वांत कमी दराची बादली
जूनमध्ये कडीतून निखळते.
सर्वांत कमी दराचा मग
पहाटे जवानाच्या हातात तडकतो, गार पाण्यासकट.
मग आम्ही पुन्हा मागवतो.
सर्वांत कमी दराने.

या साली सुभेदार थोपटे बदलून आले, मूळचे भोरकडचे.
बोलणं मोजकं. आल्या आल्या वजनकाटा मागितला.
कशाला? विचारलं मी.
कचरा मोजायचाय.
मी हसू दाबून मागणीचा नमुना काढला, तर म्हणाले,
नवा नको, जुना असेल कुठेतरी.
होता. कोळशाच्या शेडमध्ये, कबुतरांच्या शिटीखाली,
किलोमागे थोडं खोटं बोलणारा.

आठ दिवस मेसच्या मागे मोजत राहिले,
बिष्ट स्वयंपाकी तोंड फिरवून उभा.
सोमवार: चपात्या एकोणचाळीस किलो.
मंगळवार: चपात्या बेचाळीस, पाण्याच्या बाटल्या सहाशे दहा.
बुधवारी मोठ्या साहेबांची भेट होती;
पुष्पगुच्छ सात, चकचकीत कागदासकट.
बाटल्या मोजायच्या सोडल्या.
गुरुवारी वहीत फक्त एवढंच: भात. फार.

गेटबाहेर बोपोडीची छबूबाई लोंढे पोतं घेऊन थांबते.
तिला वही दाखवली तर म्हणाली,
मला विचारायचं होतं की.
साहेब येतो तेव्हा जड असतं.

मग ब्लँकेटं.
चारशे, बाद करायला रचलेली,
टेबलामागे तीन अधिकारी, पुढ्यात एक शिक्का.
थोपट्यांनी वरचंच उचललं, खिडकीशी धरलं.
कड उसवली होती. बाकी अंग शाबूत.
सर, हे मेलेलं नाही, म्हणाले.
ह्याला टाका पाहिजे.

शिक्का हवेत राहिला. किती वेळ, ते मी सांगणार नाही,
पण मी त्यात माझ्या घरचे सगळे पडदे मोजले,
स्वतःच्या हाताने दुमडलेले,
आणि इथे, दहा ते साडेपाच,
मी सुई हे हत्यार विसरलेली.

रेंजहिल्सच्या मोमीन शिंप्याने बावीस दिवस मशीन चालवली.
खाकी दोरा एकोणिसाव्या ब्लँकेटाला संपला.
तांबडा लावू का, त्याने विचारलं,
शत्रूला दिसेल म्हणून हसला.
लाव म्हटलं. झोपेत कोण बघतंय.

तीन लाख अठरा हजार उरले.
नमुन्यात ‘मागणी’ असा रकाना असतो,
सव्वीस वर्षं तिथे मी आकडाच भरला.
त्या दिवशी लिहिलं: काही नको.
पेन अडखळलं नाही. मीच जरा.

एप्रिलात लेखापरीक्षणाची हरकत आली, तीन पानी.
निधी अखर्चित का राहिला, याचा खुलासा करावा.
दोन हजार एकशे बारा खराट्यांवर
आजवर एक ओळ आली नव्हती.

खुलासा लिहितेय.
पाठकोऱ्या कागदावर; त्याचीही हरकत येईल.
बरॅकीच्या तारेवर ब्लँकेटं वाळताहेत,
उन्हात तांबडी कड लांबून कळते.
सोबत वहीची नक्कल जोडली आहे.
खाली टीप:
काटा जुना आहे, अर्धा किलो जास्त दाखवतो.
चपात्यांच्या वजनात
तेवढी सूट द्यावी.